भित्री मुले आणि बंद मैदाने

रविवारी पोट दुखत नाही, सोमवारी सकाळी साडेसहाला दुखते. उन्हाळ्याच्या सुटीत गायब झालेली पोटदुखी शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री बरोबर परत येते. आईवडील डॉक्टरकडे नेतात, जंताचे औषध होते, सोनोग्राफी होते, घरी आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते. अहवालात काहीच निघत नाही, तेव्हा मुलाच्या कपाळी शिक्का बसतो : नाटके करतो. वास्तविक मूल नाटक करीत नसते. त्याचे पोट खरोखरच दुखत असते. शरीरातली धोक्याची घंटा वाजली की रक्त हातापायांकडे धावते, पचन मंदावते, पोटात गोळा येतो. वाघ समोर आल्यावर जे होते तेच तोंडी परीक्षा समोर आल्यावर होते, एवढेच.

चिंता हा शब्द आपण मोठ्यांसाठी राखून ठेवला आहे. लहान मुलांना कसली आली आहे चिंता, खायचे, प्यायचे आणि हुंदडायचे, असे मानण्याची रीत आहे. परंतु चिंतेचे विकार हे बालवयातील सर्वाधिक आढळणाऱ्या मानसिक विकारांपैकी आहेत, आणि त्यांतले बरेचसे बारा-तेरा वर्षांच्या आतच डोके वर काढतात. आई नजरेआड झाली की जिवाचा आकांत करणारे मूल, वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारे मूल, शाळेच्या मुतारीत जायला लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणारे मूल, कुत्र्याच्या भीतीने तीन गल्ल्यांचा वळसा घालणारे मूल. घरी अखंड बडबड करणारी आणि शाळेत वर्षभरात एक शब्दही न उच्चारणारी मुलेही असतात. गुणी, शांत, कोणाला त्रास न देणारी म्हणून ती शिक्षकांच्या नजरेतून सुटतात. दंगा करणाऱ्या मुलाची तक्रार घरी जाते. घाबरणाऱ्याची जात नाही.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तेरा वर्षांखालची मुलेही या आकड्यात नाहीत. म्हणजे ज्या वयात पोट दुखायला लागते, त्या वयाची मोजदादच नाही.

भीती ही मुळात आजार नव्हे. दोन वर्षांच्या मुलाने अनोळखी माणसाला पाहून आईचा पदर धरावा, चार वर्षांच्या मुलीने अंधाराला भ्यावे, हे निरोगीपणाचेच लक्षण आहे. भीतीचा विकार होतो तो टाळण्यामुळे. मूल घाबरते, म्हणून आपण त्याला त्या प्रसंगातून सोडवतो. सोडवल्याबरोबर त्याला हायसे वाटते. या हायसे वाटण्यातूनच त्याचा मेंदू धडा घेतो की, बघ, धोका खराच होता, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती जास्त, पळणेही जास्त. भित्र्या मुलाला आपण घरात ठेवतो आणि घरात ठेवल्यामुळे ते अधिक भित्रे होते. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी या चक्रातल्या पालकांच्या वाट्यावर नेमके बोट ठेवले. त्यांच्या २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचारकाने एका गटातील मुलांशी बोलायचेच नाही, फक्त आईवडिलांना शिकवायचे, असे ठरले होते. मुलाच्या भीतीपुढे घराने घातलेली लोटांगणे हळूहळू कमी कशी करावीत, हेच ते शिक्षण. या गटातील मुलांना आलेला गुण थेट मुलांवर केलेल्या उपचारापेक्षा कमी नव्हता.

टाळण्याच्या नेमके उलट म्हणजे सामोरे जाणे, आणि तेही बेताबेताने. हे शास्त्र शंभर वर्षांचे आहे. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात ठेवून खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात आणायचा. मग थोडा जवळ. मग आणखी जवळ. मग पिंजऱ्याबाहेर. शेवटी ससा पीटरची बोटे कुरतडत होता आणि पीटरला त्याचे काही वाटत नव्हते. पुढे या क्षेत्रात जे जे उभे राहिले त्याच्या पायाशी हा ससा आहे. मात्र खाऊबरोबर एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पीटरच्या सोबतीला सशाला न भिणारी इतर मुलेही आणली जात होती. खेळगडी ही या उपचाराची दुसरी मात्रा होती.

खेळातून उपचार ही कल्पनाही त्याच सुमाराची. व्हिएन्ना आणि लंडनमध्ये ॲना फ्रॉइड व मेलनी क्लाइन यांनी मुलांशी खेळण्यांच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. १९४७ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलिन यांचे 'प्ले थेरपी' हे पुस्तक आले, आणि मूल खेळत असताना त्याला शिकवू नये, टोकू नये, त्याने नेले तिकडे जावे, हा दंडक रूढ झाला. २००५मध्ये ब्रॅटन आणि सहकाऱ्यांनी अशा उपचारांच्या ९३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उपयोग होतो, चांगला होतो, आणि आईवडिलांना सामील करून घेतले तर सर्वांत जास्त होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पण हा सगळा खेळ चार भिंतींतला. बाहुल्या, वाळूची पेटी, रंग. खोली सुरक्षित असते हा तिचा गुण आणि तोच तिचा दोष. सोमवारी सकाळी ज्या जगाने पोट दुखते, ते जग त्या खोलीत नसते.

मैदानावर असते. तिथे चेंडू कुठून येईल सांगता येत नाही. फांदी वाकते, पाय घसरतो, पावसाची सर येते, कोणीतरी 'आऊट' म्हणते आणि ते मान्य नसते. चिंतातुर मुलाला सर्वांत जड जाते ती अनिश्चितता, आणि ती मैदानावर लहान लहान घोटांत प्यायला मिळते. धावल्यावर छाती धडधडते, घाम येतो, श्वास लागतो. भीतीने होते तेही हेच. चिंताग्रस्त मुलाला या धडधडीचीच भीती बसलेली असते. आपल्याला काहीतरी होणार असे त्याला वाटते. साखळीच्या खेळात दहा मिनिटे पळून झाल्यावर तीच धडधड हसण्याबरोबर येते आणि आपोआप विरते. शरीराने शरीराला दिलेला हा पुरावा कितीही समजूत घालून देता येत नाही. शिवाय खोलीत मोठ्या माणसासमोर बसून नजरेला नजर देत बोलणे लाजाळू मुलाला अवघड जाते. झाडाखाली शेजारी शेजारी बसून खडे वेचताना बोलणे सोपे असते.

आपल्याकडच्या जुन्या खेळांकडे या नजरेने पाहिले तर गंमत वाटते. सूरपारंब्यात उंचीशी सलगी आहे. लपंडाव आणि डबा ऐसपैस यांत एकटे असण्याशी, अंधाऱ्या जिन्याखाली श्वास रोखून बसण्याशी आहे. लगोरीत पाठीवर चेंडू बसणार हे माहीत असूनही फरशांच्या तुकड्यांपाशी परत यावे लागते. आट्यापाट्यांत आणि खो-खोत समोरच्याला हुलकावणी द्यावी लागते. 'राज्य' आले की सगळ्यांच्या नजरा आपल्यावर, आणि ते दिल्याखेरीज सुटका नाही. चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्या मुलासाठी याहून मोजूनमापून केलेला सराव कोणता? पण या साऱ्यांत मला सर्वांत शहाणी वाटते ती लिंबूटिंबूची सोय. जो लहान आहे, नवा आहे, भेदरलेला आहे, त्याला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही. तो पळेल, लपेल, ओरडेल, बाद मात्र होणार नाही. आणि एके दिवशी तो स्वतःच रडकुंडीला येऊन सांगेल की मी आता लिंबूटिंबू नाही. मेरी कव्हर जोन्सचा पिंजरा खोलीच्या कोपऱ्यातून जवळ येत गेला, त्यापेक्षा हे वेगळे काय आहे? फरक इतकाच की इथे पिंजरा उघडण्याचा क्षण मुलाने स्वतः निवडला.

अर्थात जुन्या मैदानाचे गोडवे गाताना हात थोडा आखडता घ्यायला हवा. त्याच मैदानावर भित्र्या मुलाला 'बायल्या' म्हणून हिणवले जात असे. लठ्ठ मुलाला नेहमी शेवटी घेत. गावात कोणाच्या मुलाने कोणाच्या अंगणात खेळायचे नाही हे जातीने ठरवलेले होते. फुगडी-झिम्म्यात घामाघूम होणाऱ्या मुलींचे खेळणे तेराव्या-चौदाव्या वर्षी एका दिवसात थांबत असे. अनेक घरांत आजही थांबते. मैदान आपोआप औषध होत नाही. ते कधी कधी जखमही करते. म्हणूनच उपचार म्हणून मैदान वापरायचे तर तिथे जाणते माणूस लागते.

ते माणूस करते काय? समजा, आठ वर्षांचा एक मुलगा आहे. हात मळले तर काहीतरी होईल अशी धास्ती, आणि इतर मुले हसतील ही त्याहून मोठी. पहिल्या एक-दोन भेटींत उपचारक त्याच्याबरोबर मैदानाला नुसती फेरी मारतो. आई बाकावर, दिसेल अशी. मुलाने ठरवायचे कुठे थांबायचे, काय बघायचे. नंतर दोघे मिळून भीतीची शिडी आखतात : तळाशी सर्वांत सोपी गोष्ट, वर सर्वांत कठीण. कोरडी पाने वेचणे एक पायरी. ओल्या मातीत काडीने चित्र काढणे दुसरी. बोटाने काढणे तिसरी. प्रत्येक पायरीवर मुलगा दहापैकी भीतीला किती गुण देतो ते विचारायचे आणि तो आकडा खाली येईपर्यंत घाई करायची नाही. मग एकच दुसरे मूल. मग तिघांचा, नियम असलेला खेळ. आईचा बाक दर आठवड्याला थोडा लांब. लिहायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात कधी दोन पायऱ्या चढून तीन उतरणे होते, आणि उपचारकाची खरी कसोटी मुलाच्या पायापेक्षा आईच्या बाकापाशी लागते.

विहिरीत पोहायला शिकवण्याच्या दोन रीती आपल्याकडे होत्या. एक पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, दुसरी मागून ढकलून. दुसऱ्या रीतीनेही काही मुले शिकली आणि त्यांनी म्हातारपणी ती गोष्ट अभिमानाने सांगितली. जी शिकली नाहीत आणि आयुष्यभर पाण्याजवळ फिरकली नाहीत, त्यांनी काही सांगितले नाही. धीट व्हावा म्हणून मुलाला एकदम दहा दिवसांच्या साहसी शिबिरात टाकणारे पालक ढकलणाऱ्यांच्या पंथाचे आहेत.

आता पुराव्याकडे वळू. इथे उत्साहाला थोडा लगाम घालावा लागतो. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी २००७च्या सुमारास 'जोखमीच्या खेळा'ची सहा रूपे सांगितली : उंची, वेग, धारदार हत्यारे, पाणी-विस्तवासारख्या धोक्याच्या जागा, झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड हरवणे. २०११मध्ये केनेर यांच्यासह त्यांनी असा सिद्धांत मांडला की, अशा खेळांतून मुले वयानुसार येणाऱ्या भीतींवर स्वतःच उपचार करून घेतात. सिद्धांत देखणा आहे, पण तो सिद्धांत आहे. त्याला बळ देणारी एक विलक्षण नोंद न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील आहे. तिथे १९७२-७३मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा होत आला आहे. त्यांपैकी पाच ते नऊ या वयात उंचावरून पडून ज्यांना दुखापत झाली, ती मुले अठराव्या वर्षी उंचीला जास्त भीत असतील, असे कोणीही म्हणेल. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात उलटेच दिसले : उंचीची भीती नसलेल्यांमध्ये अशी पडझड अधिक होती. आता, मुळात धीट मुलेच जास्त चढतात आणि म्हणून जास्त पडतात, हेही त्याचे स्पष्टीकरण असू शकते. पण 'एकदा पडला की कायमचा धसका घेईल' ही आपली पक्की समजूत तरी यातून ढिली होते.

इंग्लंडमध्ये हेलन डॉड आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये पाच ते अकरा वर्षांच्या सुमारे अडीच हजार मुलांच्या पालकांकडून माहिती घेतली. जी मुले बाहेर, थोड्या साहसाने खेळण्यात जास्त वेळ घालवत, त्यांच्यात चिंता आणि उदासीची लक्षणे कमी होती. संबंध लहान होता, परंतु गरीब घरांतील मुलांमध्ये तो अधिक ठळक होता. डेन्मार्कमधील नऊ लाखांवर लोकांच्या नोंदींचा २०१९चा अभ्यास सांगतो की, ज्यांचे बालपण सर्वांत कमी हिरवाईत गेले त्यांच्यात पुढे मानसिक विकारांचे प्रमाण, विकारानुसार, ५५ टक्क्यांपर्यंत जास्त होते. हे सगळे संबंध आहेत. कारण आणि परिणाम यांची गाठ त्यांतून पक्की बांधली जात नाही. निदान झालेल्या चिंताग्रस्त मुलांवर मैदानी खेळ-उपचाराच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या अजून फारशा नाहीत.

या उलट जे भक्कमपणे सिद्ध झाले आहे तेही सांगायला हवे. २००८च्या अमेरिकी चाचणीत ७ ते १७ वयाची ४८८ चिंताग्रस्त मुले होती. भीतीला पायरीपायरीने सामोरे नेणाऱ्या बोधनिष्ठ वर्तनोपचाराने सुमारे ६० टक्क्यांना, सर्ट्रालिन या औषधाने ५५ टक्क्यांना आणि दोन्ही मिळून ८१ टक्क्यांना चांगला गुण आला. नुसत्या साखरेच्या गोळीवर २४ टक्के सुधारली. तेव्हा ज्या मुलाची शाळा महिनोन्महिने सुटली आहे, जे रात्र रात्र झोपत नाही, जे मरणाबद्दल बोलू लागले आहे, त्याला 'मैदानावर ने, बरा होईल' असे सांगणे हा दृष्ट काढण्याचाच नवा प्रकार होय. त्याला तज्ज्ञाकडे न्यायला हवे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते. निदान पहिला सल्ला तिथे मिळू शकतो. मैदानाची जागा या उपचाराच्या आत आणि शेजारी आहे. उपचारक महिन्यातून चार तास भेटतो, मैदान रोज संध्याकाळी असते. किंवा असायचे.

कारण मुद्दा इथेच येऊन अडतो. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी एक साधी मोजणी केली होती. १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात. १९९०पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. रस्ते सुरक्षित झाले म्हणून मुलांचे अपघात घटल्याचा दावा सरकार करीत होते. हिलमन यांचे म्हणणे होते की, रस्त्यावरून मुलेच काढून घेतली आहेत. आपल्याकडे अशी मोजणी कोणी केल्याचे ऐकिवात नाही, पण तिची गरजही वाटू नये. चाळ पाडून मनोरा उभा राहतो, तेव्हा चाळीचे अंगण पार्किंग होते. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून बारा घरांचे बारा डोळे ज्या अंगणावर असत, तिथे आता कॅमेरा असतो आणि 'येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी. केंद्राच्याच २०१४च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा हवी. मुंबईत ती दोन चौरस मीटरही भरत नाही. उरलेल्या मैदानांपैकी काहींवर हिरवा प्लास्टिकचा गालिचा आला आहे आणि तासाचे भाडे. जिथे भाडे नाही तिथे प्रशिक्षण शिबिर. शिबिरे वाईट नव्हेत; पण शिट्टी मोठ्या माणसाच्या तोंडात असली की तो खेळ राहत नाही, तास होतो. भित्र्या मुलाला तिथे लिंबूटिंबू म्हणून जागा नसते. त्याची निवडच होत नाही.

त्यात २०२०चा मार्च आला. महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. त्या दिवसांत बाहेर पाऊल टाकणे म्हणजे जिवाशी खेळ, ही शिकवण मुलांना आपणच दिली आणि ती तेव्हा योग्य होती. परंतु ती परत घेण्याचा कार्यक्रम कोणी आखला नाही. रिकामी जागा मोबाइलने भरली. जोनाथन हाइट यांनी २०२४च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मुलांच्या वाढत्या चिंतेचे खापर फोनवर आणि हिरावलेल्या खेळावर फोडले. कँडिस ऑजर्स यांच्यासारख्या संशोधकांनी फोनबद्दलचा पुरावा इतका स्पष्ट नाही असे बजावले. हा वाद चालू राहील. मात्र घरात खेळायला गडी नाही आणि बाहेर जागा नाही, अशा मुलाच्या हातून फोन काढून घेतल्यावर त्याने करायचे काय, याचे उत्तर दोन्ही पक्षांना द्यावे लागेल.

पालकांची भीती निराधार आहे, असे म्हणण्याचा उद्धटपणा कोणी करू नये. आपले रस्ते मुलांसाठी खरोखर जीवघेणे आहेत. दगडखाणींच्या डबक्यांत दरवर्षी मुले बुडतात. मुलींच्या बाबतीत आईच्या पोटात येणारा गोळा अनुभवातून आलेला असतो. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२४मध्ये जोखमीच्या खेळाची बाजू घेतली, ती जोखीम आणि धोका यांत फरक करूनच. झाडावर किती उंच चढायचे हे मुलाला दिसते, ते ठरवू शकते, ती जोखीम. झाडाची फांदी आतून कुजली आहे हे त्याला दिसत नाही, तो धोका. धोका काढणे मोठ्यांचे काम, जोखीम ठेवणे हेही त्यांचेच. दुर्दैवाने आपण धोके तसेच ठेवले आणि जोखमी काढून टाकल्या. बागेतल्या गंजक्या घसरगुंडीचा पत्रा वर्षानुवर्षे निघालेला असतो, आणि तिच्या शेजारच्या झाडावर चढले की रखवालदार शिट्टी मारतो. घरी भाषाही तशीच : पडशील, लागेल, उतर. त्याऐवजी 'आता डावा पाय कुठे ठेवशील?' असे विचारले तर मुलाचे लक्ष भीतीवरून फांदीवर जाते. एवढा बदल करायला मैदान लागत नाही, पैसाही लागत नाही. आईवडिलांना स्वतःचा श्वास रोखून धरावा मात्र लागतो.

मोकळ्या जागेतले बालशिक्षण हे काही आपल्याला नॉर्वेकडून घ्यावे लागेल असे नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येईनात. मग शाळा मुलांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी हा शब्द जन्मला. पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने कुरणशाळा निघाली : गुरे चारायला गेलेल्या मुलांच्या मागोमाग शिक्षक कुरणात. खडे, बिया, पाने, शंख हेच साहित्य. शिक्षकाला, म्हणजे नव्या, शहरी, स्वच्छ कपड्यांतल्या माणसाला, बुजणारी ती मुले स्वतःच्या झाडाखाली बुजत नव्हती. हा उपचार नव्हता, पण उपचारकाने शिकावे असे त्यात पुष्कळ होते. १९७५मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि बोर्डीचा शब्द देशभर गेला. आज शहरांतल्या कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत भरतात. नावात अंगण, दारात गटार. याच पालघरमध्ये फेब्रुवारी २०१३मध्ये राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याची पथके शाळाशाळांत जाऊन मुलांचे डोळे, दात, हृदय आणि वाढ तपासतात. पोटदुखीच्या मागची भीती ओळखण्याचे दोन-चार प्रश्न त्या तक्त्यात घालणे फार खर्चाचे काम नाही.

कायदा तर आपल्या बाजूचाच आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील ३१वे कलम खेळण्याचा हक्क देते, आणि भारताने तो करार १९९२मध्ये स्वीकारला. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान सांगितले आहे. मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ साली हरियाणातील एका शाळेच्या जागेवरील अतिक्रमणाच्या प्रकरणात सुनावले. नव्या शहरी मैदानासाठी भूखंड मिळवणे हे न्यायालय, पालिका आणि बिल्डर यांच्यातले वर्षानुवर्षांचे प्रकरण आहे, हे मान्य. पण शाळांची जी मैदाने आहेत, ती शाळा सुटली की काय करतात? बहुतेक ठिकाणी फाटकाला कुलूप लागते आणि सुटीच्या दिवशी लग्नाचा मांडव पडतो. हे कुलूप संध्याकाळी दोन तास काढायचे तर तीन प्रश्न उभे राहतात. फाटकाची किल्ली कोणाकडे, मूल पडले तर जबाबदार कोण, आणि देखरेखीला माणूस कोण. पहिल्या दोहोंना पालिकेचा ठराव आणि साधा सामूहिक विमा पुरेल. तिसऱ्यासाठी कोपनहेगनकडे पाहता येईल. तिथे जर्मन अंमलाखालच्या १९४३ सालात एम्ड्रुप वसाहतीत सोरेनसेन यांच्या कल्पनेतून भंगार सामानाचे मैदान उभे राहिले. मुलांना फळ्या, विटा, हातोडे दिले होते, आणि एक मोठा माणूस नेमला होता. त्याने शिकवायचे नाही, खेळ लावायचा नाही. फक्त तिथे असायचे, आणि कडेला एकटे उभे राहिलेले मूल कोणते ते पाहायचे. आपल्याकडे एका वॉर्डात अशी चार माणसे नेमायची तर जो पगार द्यावा लागेल, तो त्याच वॉर्डातल्या उद्यानांच्या प्रवेशद्वारांवर आणि नामफलकांवर होणाऱ्या खर्चाशेजारी मांडून पाहावा. अंदाजपत्रकात दोन्ही रकमा एकाच खात्याच्या नावे असतात.